आधी भोक, मग बोल्ट!

फायनल इयरचं सबमिशन जवळ आलं की आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजतासुद्धा दिवे चालू असतात. कुणी जर्नल उतरवत असतं, कुणी मेसच्या भाजीला नावं ठेवत असतं आणि मेकॅनिकलवाल्यांच्या खोलीतून एकच आवाज येत असतो. टिक, टिक, टिक... माउसचा! काय चाललंय म्हणून विचारावं तर उत्तर ठरलेलं : "बोल्ट बसवतोय." किती झाले? "साठ झाले, अजून सव्वाशे आहेत." आणि हे सांगताना चेहऱ्यावर भाव असा की जणू स्वारी गड सर करायला निघाली आहे!

मित्रांनो, कॅडच्या असेंब्लीत नट-बोल्ट कसे ठेवावेत हा काय लेखाचा विषय झाला, असं तुम्ही म्हणाल. पण माझं स्पष्ट मत आहे की प्रोजेक्टमधला आपला सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथेच, आणि आपण नुसते 'सॉफ्टवेअर येणारे' आहोत की इंजिनिअर आहोत हे कळतं तेही इथेच. म्हणून हा खटाटोप.

आधी साधा हिशोब मांडू. मी परभणी जिल्ह्यातल्या वालूरचा. (वालूर म्हटलं की दहातले नऊ जण "वाळूज का? एमआयडीसीतलं?" असं विचारतात. नाही हो, वालूर, तालुका सेलू!) आमच्याकडे काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर ही पिकं. त्यामुळे उदाहरण शेतीच्या अवजाराचंच घेतो. ट्रॅक्टरचा नऊ फणांचा कल्टिव्हेटर, आमच्या भाषेत मोगडा, आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. समजा एका फणाला सहा बोल्ट लागतात. नऊ फणांचे झाले ५४. प्रत्येक ठिकाणी बोल्ट, साधा वायसर, स्प्रिंग वायसर आणि नट असे चार नग. म्हणजे २१६ नग. प्रत्येक नग जागेवर बसवायला निदान दोन मेट लागतात : एक भोकाशी समकेंद्री करणारा, दुसरा पृष्ठभागाला टेकवणारा. झाले ४३२ मेट. एका मेटला अर्धा मिनिट धरला तरी २१६ मिनिटं, म्हणजे साडेतीन तासांच्या वर! त्यात चहा धरलेला नाही, मधेच लाइट जाणं धरलेलं नाही, आणि गाइडनी दुसऱ्या दिवशी "फ्रेमची रुंदी जरा वाढवा" म्हटलं तर पुन्हा काय होईल तेही धरलेलं नाही.

आता हाच मोगडा गावातला फॅब्रिकेशनवाला मिस्त्री कसा करतो ते पाहा. तो नऊ फणांच्या नऊ पट्ट्यांवर नऊ वेळा टेप लावून भोकं मोजत बसत नाही. तो एक पट्टी नीट मोजून, नीट भोकं पाडून तयार करतो. तिला म्हणायचं फर्मा. मग तो फर्मा दुसऱ्या पट्टीवर ठेवायचा, पंचाने खूण करायची, ड्रिल मारायचं, की पुढची पट्टी. डोकं एकदाच लावायचं, पण पूर्ण लावायचं. बाकी सगळी त्याची नक्कल. कॅडमध्ये ज्याला आपण 'पॅटर्न' म्हणतो ना, तो हाच फर्मा. मिस्त्रीला तो कुणी सेमिस्टर घेऊन शिकवला नाही. आपल्याला शिकवला, आणि आपण मात्र ५४ बोल्ट हाताने बसवत बसतो. याला काय म्हणावं?

तेव्हा पहिली गोष्ट : बोल्टची सुरुवात बोल्टपासून करायची नसते, भोकापासून करायची असते. पार्ट बनवतानाच भोकं सुटी सुटी पाडू नका. एक मूळ भोक पाडा, त्याचा रेषीय किंवा वर्तुळाकार पॅटर्न करा. भोकं वेडीवाकडी विखुरलेली असतील तर होल विझार्ड वापरून एकाच स्केचमध्ये त्यांचे बिंदू ठेवा. मग असेंब्लीत पहिला बोल्ट त्या मूळ भोकात नीट बसवा आणि बाकीच्यांना सांगा, भोकांच्या मागे जा! सॉलिडवर्क्समध्ये फीचरवरून चालणारा कंपोनंट पॅटर्न आहे, क्रिओत (जुन्या प्रो-ईमध्येही) रेफरन्स पॅटर्न आहे, कॅटियात 'रीयूज पॅटर्न' आहे, इन्व्हेंटरमध्ये 'बोल्टेड कनेक्शन' आहे. नावं वेगळी, युक्ती एकच.

याचा फायदा नुसता वेळेचा नाही. भोकं आठची बारा केली की बोल्ट आपोआप बारा होतात. भोकं सरकली की बोल्ट सरकतात. याउलट काही जण पॅटर्न करतात, पण असेंब्लीत स्वतःचे आकडे टाकून : इतक्या अंतरावर इतके बोल्ट. दिसायला सगळं छान. उद्या पार्टमधलं अंतर बदललं की भोकं एकीकडे आणि बोल्ट हवेत लटकलेले! शिवाय पॅटर्नमधल्या नकलांना स्वतःचे मेट नसतात. त्यामुळे रीबिल्डच्या वेळी कॉम्प्युटरला ४३२ मेट सोडवत बसावं लागत नाही. लॅबमधल्या त्या म्हाताऱ्या मशीन्सवर दया दाखवायची असेल तर हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

दुसरी गोष्ट : जे नेहमी एकत्र राहतात त्यांना एकत्रच ठेवा. बोल्ट आणि त्याच्या डोक्याखालचा वायसर ही एक जोडी. स्प्रिंग वायसर आणि नट ही दुसरी जोडी. या दोन छोट्या सब-असेंब्ली करून ठेवल्या की काम निम्म्यावर येतं. चारही नगांची एकच सब-असेंब्ली का नाही? कारण मधल्या पत्र्यांची जाडी प्रत्येक जोडात वेगळी असते. चारही एकात बांधले तर जाडी बदलताच नट पत्र्यात तरी घुसतो नाहीतर हवेत तरी राहतो. डोक्याकडची जोडी वेगळी आणि नटाकडची वेगळी ठेवली तर दोन्ही आपापल्या बाजूच्या पृष्ठभागाला टेकतात, जाडी काहीही असो.

आणि तिसरी : कोणता बोल्ट कुणाच्या घरचा, हे ठरवा. मोगड्याच्या फणाचे स्वतःचे भाग जोडणारे बोल्ट फणाच्या सब-असेंब्लीत गेले पाहिजेत. फण फ्रेमला जोडणारे बोल्ट मुख्य असेंब्लीत. म्हणजे एक फण पूर्ण करायचा आणि फ्रेमवरच्या भोकांच्या पॅटर्नवर तो नऊ ठिकाणी पाठवायचा. आपले बोल्ट तो बरोबर घेऊनच जाईल. फ्रेमचे बोल्ट त्याच पॅटर्नवर. असं केलं तर ४३२ मेटच्या जागी पंधरा-वीस मेटमध्ये काम संपतं. साडेतीन तासांचं काम अर्ध्या तासात, आणि उरलेल्या वेळात झोप. हॉस्टेलवर झोपेइतकी महाग वस्तू दुसरी कुठली आहे?

आता थोडं आट्यांविषयी. बऱ्याच जणांना हौस असते की प्रत्येक बोल्टवर खरेखुरे, फिरत जाणारे आटे काढलेच पाहिजेत. आमच्या वालूरला एक जुनी दगडी बारव आहे. महाराष्ट्रात बारवा खूप, पण हिच्या पायऱ्या चक्राकार फिरत खाली जातात, अगदी स्क्रूच्या आट्यासारख्या. गेल्या काही वर्षांत गाळ काढून, साफसफाई करून ती पुन्हा लोकांसमोर आली आहे. कधी आलात तर जरूर दाखवीन. त्या बारवेतला आटा खरा असायलाच हवा, कारण त्यावरून माणसाला पाण्यापर्यंत उतरायचं असतं. पण तुमच्या असेंब्लीतल्या ५४ बोल्टांच्या आट्यांवरून कुणी उतरणार आहे का? तिथे बोल्टाचं फक्त माप, जागा आणि संख्या हवी असते. खरा आटा काढला की प्रत्येक बोल्टमागे शेकडो बारीक पृष्ठभाग वाढतात आणि स्क्रीन फिरवताना कॉम्प्युटर धापा टाकतो. म्हणून कॉस्मेटिक थ्रेड वापरा. आटा हाच विषय असेल तरच तो खरा काढा.

असेंब्ली फारच जड झाली तर बोल्ट नुसते लपवून भागत नाही. लपवलेला भागही मेमरीत असतोच. 'बोल्टविना' असं एक कॉन्फिगरेशन करून त्यात ते सप्रेस करा आणि काम करताना ते वापरा. फक्त ड्रॉइंग आणि बिल ऑफ मटेरियल काढताना पूर्ण कॉन्फिगरेशन निवडायला विसरू नका. नाहीतर यादीत मोगडा बिनबोल्टचा!

लायब्ररीतून बोल्ट घेणाऱ्यांनाही एक सावधगिरीची सूचना. टूलबॉक्समधले बोल्ट लॅबच्या मशीनवर ठीक दिसतात. तीच फाइल पेन ड्राइव्हवरून हॉस्टेलच्या लॅपटॉपवर उघडली की प्रत्येक बोल्ट विजेच्या खांबाएवढा! घाबरू नका, भूत नाही ते. त्या लॅपटॉपवरच्या लायब्ररीत तुमचं माप तयार झालेलं नसतं, म्हणून सॉफ्टवेअर दुसरंच माप उचलतं. फाइल हलवताना 'पॅक अँड गो' करून बोल्टच्या फाइलीही सोबत न्या, किंवा नेहमीचे बोल्ट साधे पार्ट म्हणून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा.

इथवर वाचून कुणी म्हणेल, "अरे, एवढं कशाला? सॉफ्टवेअर भोक ओळखून स्वतःच बोल्ट टाकतं की!" टाकतं ना. स्मार्ट फास्टनर्स वगैरे सोयी चांगल्याच आहेत. पण त्या भोकाचं माप पाहून बोल्ट टाकतात; भोकच चुकीचं असेल तर? आपल्यापैकी कितीजण एम १२ बोल्टसाठी बरोबर १२ मिलिमीटरचं भोक काढतात ते पाहा. कॅडमध्ये बोल्ट खुशाल आत जातो, लाल दिवा लागत नाही. प्रत्यक्षात वेल्डिंगने फ्रेम थोडी ओढली गेली, दोन पट्ट्यांची भोकं केसभर सरकली, की आठापैकी दोन बोल्ट जातात आणि सहा हातोडीने ठोकावे लागतात. आयएसओच्या मध्यम मापानुसार एम ८ ला ९, एम १० ला ११, एम १२ ला १३.५ आणि एम १६ ला १७.५ मिलिमीटरचं भोक लागतं. ही चार मापं पाठ असायला हरकत नाही; एवीतेवी आपण सिनेमाची गाणी पाठ करतोच.

तसंच पान्याचं. एम १२ च्या नटाला १८ किंवा १९ चा पाना लागतो. तो पाना भिंतीला न अडता फिरेल का, हे कोणतंही सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. पडद्यावर नट कोपऱ्यात सुंदर बसलेला असतो, मिस्त्री मात्र डोक्याला हात लावून विचारतो, "हे इंजिनिअर सायब पाना कुठून घालणार?" या प्रश्नाचं उत्तर ड्रॉइंगच्या वेळीच द्यायचं असतं.

आणि प्रकार किती ठेवायचे? एका असेंब्लीत एम ८, एम १०, एम १२, त्यातही ३५, ४०, ४५, ५० लांबीचे, अशी चौदा प्रकारच्या बोल्टांची यादी करणं म्हणजे ज्ञान नव्हे. थोडा विचार केला तर ते चार प्रकारांत बसतात. याचा फायदा कुणाला? मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की शेतकऱ्याला एकेक दिवस मोलाचा असतो. काळ्या रानात हादऱ्याने एखादा नट सैल होऊन पडला आणि तसला बोल्ट जवळच्या दुकानात मिळाला नाही, तर पन्नास रुपयांच्या आतल्या वस्तूसाठी ट्रॅक्टर बांधावर उभा राहतो. तुम्ही माउसने एका क्षणात निवडलेलं माप त्याच्या दिवसाचा निकाल लावतं. बोल्ट किरकोळ आहे, असं मग म्हणता येईल का?

बोल्ट किरकोळ नसतो हे मोठ्यांनाही फार महागात कळलं आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं विमान बर्मिंगहॅमहून निघालं आणि सुमारे १७,३०० फुटांवर असताना कॉकपिटची समोरची काच उडून गेली. कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवलं आणि कॅप्टन वाचले. कारण काय निघालं? काच त्याआधी रात्रीच्या पाळीत बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.६६ मिलिमीटर बारीक होते आणि उरलेले सहा लांबीला कमी! पार्ट्सच्या यादीत क्रमांक पाहण्याऐवजी जुन्या बोल्टाशी नजरेने जुळवून नवे घेतले होते. आणि हे फार जुनं झालं असं वाटत असेल, तर ५ जानेवारी २०२४ ची अलास्का एअरलाइन्सची घटना आठवा. बोइंग ७३७ मॅक्स ९ च्या दाराच्या जागी बसवलेलं झाकण उडत्या विमानातून निखळलं. ते अडवून ठेवणारे चार बोल्ट तिथे नव्हतेच, असं तपासात निघालं.

म्हणजे बिल ऑफ मटेरियल हा रिपोर्टची पानं भरण्याचा कागद नाही. कुठला बोल्ट, किती, कुठे, हे त्या कागदाने बोलायचं असतं. आणि तो कागद खरा कधी बोलतो? असेंब्लीतला प्रत्येक बोल्ट भोकाशी बांधलेला असेल, सब-असेंब्लीत आपल्या घरी असेल, तेव्हाच. घाईघाईत 'कॉपी-पेस्ट' करून टाकलेल्या बोल्टांची यादी ५४ ऐवजी ५१ दाखवते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच म्हणतो, नीट पॅटर्न करणं ही आळशी माणसाची युक्ती नाही, ती शिस्त आहे.

काही सर मंडळींचं मत उलट आहे. ते म्हणतात, "असेंब्लीत बोल्ट दाखवूच नका, यादीत हाताने संख्या लिहा." त्यांचा मुद्दा अगदीच चूक नाही. फार मोठ्या असेंब्लीत प्रत्येक छोटा स्क्रू दाखवायची गरज नसते, आणि उद्योगातही काही ठिकाणी तसं करतात. पण तिथे पाठीशी वर्षानुवर्षांचा अनुभव असतो. आपण शिकणारी पोरं. बोल्ट बसवलाच नाही तर पाना जातो की नाही, लांबी पुरते की नाही, हे आपल्याला कळणार केव्हा? म्हणून शिकताना तरी बोल्ट दाखवावेत. मात्र ५४ वेळा नाही. प्रत्येक प्रकारच्या जोडात एकदा, विचार करून. बाकी पॅटर्न बघून घेईल.

शेवटी डिपार्टमेंटकडे दोन नम्र मागण्या. एक : लॅबमध्ये सगळ्यांसाठी मिळून एक छोटी लायब्ररी करावी. मेट्रिक मापाचे, आपल्या वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये खरोखर मिळणारे पंधरा-वीस बोल्ट, त्यांचे नट आणि वायसर, एवढं पुरे. दरवर्षी नव्या बॅचने तेच बोल्ट नव्याने काढत बसण्यात काय शहाणपण? दोन : व्हायवाला "किती पार्ट आहेत?" हा प्रश्न बंद करून "हा बोल्ट कोणत्या पान्याने आवळणार?" आणि "हे भोक हलवलं तर काय काय हलेल?" हे दोन प्रश्न विचारावेत. पहिल्या प्रश्नाने माउस चालवणारा पास होतो, दुसऱ्या दोनांनी इंजिनिअर.

आणि ज्युनिअर मित्रांनो, तुम्हाला एवढंच : सुट्टीत गावी जाल तेव्हा जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात तासभर उभे राहा. मिस्त्री फर्मा कसा करतो, बोल्ट किलोवर कसे आणतो, नटाच्या बाहेर दोन-तीन आटे का ठेवतो, ते पाहा. त्याला विचारा, तो सांगेल. फक्त चहाचे पैसे तुम्ही द्या. मग परत येऊन सॉफ्टवेअर उघडा. मेनू तेच असतील, पण कुठे काय दाबायचं हे शोधावं लागणार नाही, कारण काय करायचं ते आधीच ठरलेलं असेल.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी